भाकर मी निवडली

अकोला स्टेशनवर पुण्याची गाडी यायला वेळ होता. बाबा स्टॉलवर जाऊन बिस्किटं, वेफर्स, कपात मिळणाऱ्या नूडल्स अशी पिशवीभर पाकिटं घेऊन आले. गाडी लागल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "आता भाकरी थापत बसू नको. शिकली तू. चांगलं खात जाय."

बाबांच्या बोलण्यामागचं मला माहीत होतं. त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या वावरात राबले. भाकर, मीठ, कांदा, आणि नशीब असेल तर अंबाडीची आंबट भाजी. ते शिकले, सरकारी नोकरीत लागले, आणि पहिल्यांदा घरात रोज गव्हाची पोळी होऊ लागली. भाकर मागे टाकणं म्हणजे त्यांच्यासाठी माणूस म्हणून पुढे जाणं होतं. निघून आलेल्या माझ्यासारख्यांनो, तुमच्याही घरी असं काहीतरी असेल.

पुण्यात नोकरीला लागले आणि मी त्यांचं तंतोतंत ऐकलं. मोबाइलवर जेवण मागवायचं, चीज जास्त, सॉस जास्त. सुट्टीत घरी गेले की आईचं वरण पाण्यासारखं लागायचं. मी त्यावर तिखट शेव टाकून खायचे. आई फक्त माझ्या ताटाकडे पाहायची.

मग पोट बिघडलं, ते सुधारेना. डॉक्टरांनी पाकिटं आणि बाहेरचं खाणं बंद करायला सांगितलं. मी ज्वारीचं पीठ आणलं. आई व्हिडिओ कॉलवर सांगायची, "पानी कडकडीत घे, अन् पीठ रगडून मळ, मंग नाही तुटत." तरी भाकर तुटायची. त्याहून वाईट म्हणजे कशालाच चव लागेना. मुगाचं वरण, उकडलेला भोपळा, भाकर, सगळं फिक्कं. ऑफिसमधून परतताना तळणाच्या वासाने पाय अडखळायचे. दोनदा हरलेही. पण हट्टाने परत चुलीशी, म्हणजे माझ्या गॅसच्या शेगडीशी, उभी राहिले.

एका दुपारी डब्यातली कोरडी भाकर नुसतीच चावत होते आणि ती गोड लागली. ज्वारी गोड असते, हे मी वऱ्हाडात जन्मूनही विसरले होते. त्यानंतर एकेक चव परत आली. काकडीची, वरणाची, कच्च्या शेंगदाण्याचीसुद्धा.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मिलेट डाएट का?" मी म्हटलं, "डाएट नाही. आमच्याकडचं जेवण आहे."

खरी अडचण बाबा पुण्याला आले तेव्हा झाली. मी ताटात भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. त्यांनी ताट थोडं दूर सारलं.

"याच्यासाठी शिकवलं का तुले?"

"बाबा, तुमी खाल्ली कारन दुसरं काही नव्हतं. मी दुसरं सगळं खाऊन पाह्यलं, अन् मंग हे घेतलं. मले कोनी लादलं नाही."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या."

त्यांनी भाकर खाल्ली नाही. मीही पोळी लाटली नाही. भात होता, तो खाऊन ते उठले. मला वाईट वाटलं, पण माफी मागावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थापत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "कडेले जाड राहून राहिली तुयी भाकर." मग तव्यावरची गरम भाकर स्वतःच उचलली आणि उभ्यानेच तुकडा मोडला. चावताना त्यांनी डोळे मिटले. त्यांना काय आठवलं ते मी विचारलं नाही.

गावाकडच्यांनो, मला घर विचाराल तर ते अकोल्यात आहे आणि इथेही आहे. ज्या ताटात काय यावं हे कुणाची गरिबी ठरवत नाही आणि कुणाची जाहिरातही ठरवत नाही, ते ताट जिथे मांडता येतं तिथे माझं घर. ज्याला हे मागासलेपण वाटतं त्याने तसं म्हणावं, ज्याला फॅशन वाटते त्यानेही म्हणावं. तोवर मी जेवून घेते.