आईंच्या पाठीमागचे पतंग

बनारसच्या रामघाटाच्या गल्लीतल्या आमच्या घराची नदीकडची भिंत बाराही महिने ओली असते. गंगा चढते तेव्हा ओलही चढते. पाणी उतरतं, ओल उतरत नाही. कितीही रंग लावा, पोपडे सुटतातच. त्याच भिंतीला लागून माझ्या सासूबाईंची खाट. खाट हलवू म्हटलं तर ऐकायच्या नाहीत, कारण तिथून खिडकीतली नदी दिसते. दिवसभर भिंतीला टेकून बसायचं आणि संध्याकाळी पाठ धरली म्हणून शेक मागायचा, असं चाललेलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, भिंतीलाच गादी करायची. नुसती गादी नको, बघायलाही बरी वाटली पाहिजे.

"काय काढू त्यावर?" मी विचारलं.

"पतंग काढ," आई म्हणाल्या. "संक्रांतीच्या खिचडीला सगळे गच्चीवर जायचे आणि मी खाली चुलीपाशी. लग्न होऊन आल्यापासून धड बघितले नाहीत."

मग मी पतंग केले. सुताराकडून खाटेच्या लांबीचं प्लायवूड कापून आणलं, त्यावर फोम चिकटवला आणि वरून आईंची एक जुनी निळी नऊवारी ताणून मागच्या बाजूला पिना मारल्या. पतंगांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापले. प्रत्येकावर पिंजलेला कापूस ठेवून बनारसी साड्यांच्या कातरणीतलं कापड चढवायचं, कडा मागे दुमडून शिवायच्या. जरीचं कापड वळताना सुटतं. बोटं सोलवटली, पण पतंग असे फुगीर झाले की आई त्यांवरून हात फिरवत बसायच्या. पुढचा सबंध हिवाळा त्यांनी शेक मागितला नाही.

माझे धाकटे दीर नोकरी संपवून लखनौहून परतले होते आणि वरच्या मजल्यावर त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

एका मंगळवारी मी मंगला गौरीच्या देवळात जाऊन आले तर आईंच्या मागची भिंत उघडी. त्या नेहमीसारख्या टेकून बसलेल्या, पदराला पोपड्यांचा पांढरा भुगा लागलेला. मी काही न विचारता वर गेले. पाहुण्यांच्या बैठकीत, सोफ्याच्या वर माझे पतंग. खाली एक जोडपं चहा पीत बसलेलं आणि दीर त्यांना हिंदीत सांगत होते की हे इथल्या कारागिरांचं पारंपरिक काम आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

जवळ गेले तर दिसलं, चार कोपऱ्यांत आरपार स्क्रू मारलेले. एक थेट लाल पतंगातून गेलेला, कापूस बाहेर आलेला.

"भाऊजी, हे खाली काढा."

"वहिनी, पाहुणे बसलेत. नंतर बोलू."

"बसू देत. हे मी केलंय, आईंच्या पाठीसाठी. आत्ता काढा."

ते हसले. ते हसणं अजून आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "तिथे कोण बघतंय? इथे चार लोक कौतुक करतात. आणि आईनंच दिलंय, विचारा तिला."

मी खाली येऊन विचारलं. आई नदीकडे बघत म्हणाल्या, "त्यानं मागितलं. इतक्या वर्षांनी घरी आलाय. नाही कसं म्हणू?"

"आणि तुमची पाठ?"

"पाठ काय, दुखायचीच. तुझं काय गं, तू दुसरं करशील."

दिरांचा राग एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. मुलानं मागितलं की द्यायचं, आणि सुनेनं पुन्हा करायचं. त्यात मला विचारण्यासारखं काही आहे, हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

"नाही करणार," मी म्हटलं. "दुसरं नाही, तिसरं नाही."

नवरा म्हणाला, घरातल्या घरात काय भांडायचं. मी त्याच्या हातात पेचकस दिला आणि त्याला वर नेलं. पाहुण्यांच्या देखत आम्ही दोघांनी स्क्रू काढले, फळी जिन्यातून खाली आणली आणि आईंच्या मागे पुन्हा लावली. दीर दारात उभे राहून "तमाशा करताय" म्हणत राहिले. तोंड उघडलं असतं तर मी फार वाईट बोलले असते.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच आले. प्रत्येक खोलीसाठी एक करून द्या, म्हणाले, खाली तुमचं नाव लिहू. माफीचा शब्द नाही. मी नाही म्हटलं. त्यांनी बाजारातून घाटांची छापील चित्रं आणून लावली, आणि त्यांचं काही अडलं नाही.

आई आता पतंगांनाच टेकून बसतात. मधे एकदा मला म्हणाल्या, "तू माझ्यावर अजून रागावलेली आहेस का?"

"हो," मी म्हटलं आणि त्यांच्या पाठीला तेल लावत राहिले.