हात मोजणारी डबी

माझा उजवा हात कापायला लागला तेव्हा आधी मी चहाच्या कपाला दोष दिला. मग डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीनं उत्रोली गावातल्या माझ्या घरात भिंतीवर एक पांढरी डबी लावून दिली. अंगाला काही बांधायचं नाही. डबीसमोर खुर्चीत बसायचं, हात मांडीवर. बिनतारी लहरी हाताची थरथर टिपतात आणि आकडे डॉक्टरांच्या न् मुलीच्या मोबाईलवर जातात. गोळी किती द्यायची ते त्यावरून ठरतं. अट एकच: रोज सकाळी नऊ ते दहा खोलीत दुसरं कोणी हलता कामा नये.

म्हणून मी दार लावून बसू लागले. आमच्या आळीत दिवसा दार लावलेलं म्हणजे घरात माणूस नाही. कडी वाजवायची पद्धतच नाही. शेजारीण भाताच्या खाचराकडे जाताना माझ्याकडे चहाला टेकायची, ती परस्पर जाऊ लागली. मी तिला डबीचं सगळं सांगितलं, तर आणखीच घोळ.

"नगं बाई, म्या पाय ठेवला न् तुमचं मशीन बिगाडलं तर?"

ती संध्याकाळीही यायची थांबली. तीस वर्षं शाळेत पोरं शिकवली, पण हिला काही पटवता आलं नाही.

उरला मुलीचा फोन. तो यायचा आकडा चढला की. "आई, आज जास्त दिसतंय, गोळी घेतलीस ना?" आकडा बरा असला की आठवडा कोरडा जायचा. एका सोमवारी मी डबीसमोर बसून हात मुद्दाम हलवला. लाज वाटली, पण हलवला. अकराच्या आत फोन! भाताच्या लोंब्यांपासून भाटघर धरणाच्या पाण्यापर्यंत मी सगळं बोलून घेतलं. मग रोजच हलवू लागले.

शुक्रवारी तिचा आवाज वेगळा होता. "आई, डॉक्टर गोळी वाढवणार होते. मग त्यांनी आलेख नीट पाहिला. ही थरथर आजाराची नाही म्हणाले. तू हात मुद्दाम हलवतेस?"

"हो. तुझा फोन येतो म्हणून."

ती म्हणाली, "हात शांत दिसला की मला वाटायचं, आई मजेत आहे."

"हात मजेतच असतो गं," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.