सारवणावरच्या टाचा

दिपिका बांधावरून चालायची ती चवड्यांवर. चुलीपुढे उकिडवी बसली तरी टाचा जमिनीला लागत नसत. मुरबाडला एसटीची वाट पाहताना दुकानाच्या काचेसमोर हळूच उंच व्हायची. कुणी पाहिलं की पुन्हा खाली.

शेजारची सोनाली हे शाळेपासून बघत आलेली. साहित्यात बीए झाली, तरी त्या चालीला तिला शब्द सापडला नव्हता.

लग्न ठरलं तेव्हा दिपिकानं एकच मागितलं. घराच्या दारापासून मांडवापर्यंत तिला उंच टाचांवर चालत जायचं होतं.

दोघी शहापूरच्या बाजारात गेल्या. दुकानातल्या मुलीनं जाड टाचेची जोडी काढली.

"ताई, ही घ्या. पाय दुखणार नाय."

"दुखू दे." दिपिकाचं बोट वरच्या फळीकडे होतं. मोरपंखी रंग, पट्ट्यावर मणी, टाच पेन्सिलीसारखी बारीक. ती घालून ती दुकानातल्या लाद्यांवर चालली. टक, टक. तळ्यावरून कुणी पाय न भिजवता जावं तशी.

"पडशील गो," सोनाली म्हणाली.

"मग तू धर."

घरचं शेणानं सारवलेलं अंगण दोघींनाही आठवलं नाही.

हळदीच्या सकाळी दिपिकाच्या बाईजाकाकूनं दारापासून मांडवापर्यंत अंगण सारवलं. सारवण ओलं होतं तोच दिपिका सरावाला उतरली. मांडवापर्यंत गेली, परत आली. पायांकडे बघितलंच नाही. मागं वळली तर अंगणभर भोकं.

"काय गो नवरी," बाईजा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भात लावतेस का काय?"

बायका हसल्या. दिपिकाचं तोंड उतरलं.

"ऱ्हाऊ दे काकू. उद्या अनवाणीच येते."

तिनं सँडल ओट्यावर ठेवल्या. पदर खोचला, शेणात हात घातला आणि मांडवाकडून दाराकडे मागं सारवत आली. अर्ध्यावर आली तोच बायकांनी हळदीची वाटी आणली. गालाला पहिलं बोट लागलं, आणि बाईजानं तिच्या हातातलं शेण काढून घेतलं. हळद लागलेली नवरी कामाला हात लावत नाही.

"अर्धं ऱ्हायलंय गो काकू."

"ऱ्हाऊ दे."

सोनाली बादलीकडे वळली. बाईजानं तिलाही अडवलं.

"वाळू दे तसंच. उद्या घट्ट होईल." मग दिपिकाकडे न बघता म्हणाली, "त्याच भोकांवरनं ये म्हणावं. नवीन पाडू नको."

दुसऱ्या दिवशी दिपिका दारातून निघाली. हात सोनालीच्या हातात. जमीन टाच सोसत होती. मोरपंखी मणी उन्हात हलत होते, आणि ती कुठंतरी लांब, वर, एकटीच चालली होती. अर्ध्यावर, स्वतः सारवलेल्या भागाच्या कडेला, ती थांबली. सँडल काढल्या. पुढं अनवाणी गेली.

संध्याकाळी नवरीची गाडी गेली. सोनालीनं बादलीत शेण कालवलं, दाराशी आणून ठेवलं. ते सुकत गेलं. दारापासून अर्ध्या अंगणापर्यंत बारीक भोकं तशीच होती.