म्हशीचं घड्याळ

आज कोल्हापुरात दूध कट्ट्यावर समोरच पिळलेल्या दुधाचा पेला तोंडाला लावला आणि त्या कोमट फेसाच्या वासासरशी टोरांटोतली एक सकाळ आठवली.

तिथं मी नवीन होते. रोज परतीचं तिकीट काढावंसं वाटायचं. गावी कागलात संध्याकाळची धार झाली, की आबा फोन करायचे. तेव्हा माझा सकाळचा चहा चाललेला असायचा. त्या इमारतीत सगळे कुजबुजत बोलायचे, आबांचा आवाज मात्र शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा.

एकदा फोन वाजला तेव्हा मी गाढ झोपेत होते.

“आबा, तासभर आधीच? इथं सरकारनं थंडीसाठी घड्याळं एक तास मागं केलीत.”

“मग म्हशीला सांगितलंय व्हय तुमच्या सरकारनं? तिनं येळंवर पान्हा सोडलाय की!”

तेव्हा वाटलं, आबांना यातलं काही कळत नाही. आता वाटतं, सगळं कळत होतं. धार झाल्यावर लेकीचा आवाज ऐकायला आणखी तासभर थांबणं तेवढं जमत नव्हतं.

तो अख्खा हिवाळा टोरांटो सरकारी घड्याळावर उठलं. मी एकटी आमच्या म्हशीच्या.