छातीतली पाण्याची गाठ

मी तिसरीत असताना माझा खोकला काही केल्या थांबेना. गावातल्या डॉक्टरांची औषधं संपत होती, खोकला संपत नव्हता. शेवटी आई-आप्पा मला एसटीनं सोलापूरला घेऊन आले. आमची मेंढरं, सांगोल्याकडच्या माळावर घर. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, तरी लोकरीचा वास जात नव्हता. दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेली बाई जरा सरकून बसली, तेव्हा तो वास मला पहिल्यांदा आला.

एक्स-रेत माझ्या उजव्या फुप्फुसात मोसंबीएवढी गोल सावली दिसली. सर्जन बाई होत्या. त्यांनी आप्पांना विचारलं, "घरी कुत्री आहेत?"

"हायती की म्याडम. मेंढरामागं कुत्रं नसून कसं चालंल?"

"त्यांना खायला काय घालता?"

आप्पा खुलले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना येणाऱ्या विषयावर कुणी बोलत होतं. "नुसत्या भाकरीवर न्हाय ठेवत आमी. मेंढरू कापलं की काळीज, फुप्पुस आधी त्यास्नीच. कच्चंच खात्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या कच्च्या काळजातून कुत्र्याच्या पोटात जंत जातात, म्हणाल्या. जंतांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, आणि कुत्र्याशी खेळणाऱ्या पोरांच्या हातावरून तोंडात जातात. मग छातीत अशी पाण्याची गाठ धरते. त्या रागावल्या नाहीत. पण शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते आणि दोघंही आप्पांकडे बघत होते.

"म्हंजी म्याच घातलं व्हय पोरीच्या छातीत?" आप्पा म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

आप्पांची मान वर झालीच नाही. मला गाठीची भीती वाटलीच नाही. आपण घाणेरडे आहोत हे आता सगळ्यांना कळलं, एवढंच वाटत राहिलं.

छाती उघडायची नव्हती. बरगड्यांमध्ये लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत, गाठीतलं पाणी आत सांडू न देता ओढून घ्यायचं आणि पिशवी काढायची, असं बाईंनी आईला समजावलं. मी शुद्धीवर आले तेव्हा कुशीत नळी होती आणि खाली बाटलीत बुडबुडे येत होते. आई उशाशी होती. आप्पा दारात उभे. ते आत येईनात. सारखे बेसिनवर जायचे, साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि परत दारात. त्यांना माझी किळस येतेय असं मला वाटलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

नळी काढायच्या दिवशी बाईंनीच त्यांना हाक मारली. "इकडं या, हिला घट्ट धरा."

"माजं हात..."

"धुतलेत ना? मग धरा."

त्यांनी धरलं. नळी निघताना ओरडले मी, रडले ते.

घरी आल्यावर मला बरेच महिने गोळ्या चालू होत्या. कुत्र्यांनाही जंताचं औषध सुरू झालं. काळीज, फुप्फुस आता खोल खड्ड्यात पुरलं जायचं. माझ्या कुशीतले व्रण इतके बारीक की शाळेत सांगितल्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. पण आप्पा सांगत सुटले. सांगोल्याच्या बाजारात मेंढरं घेऊन आलेल्या प्रत्येकाजवळ ते थांबायचे, मला पुढं करायचे. "ही माजी पोर. म्या कुत्र्यास्नी कच्चं खायला घातलं, म्हून हिच्या छातीत गाठ झाली. तुमी घालू नका." माणसं माझ्याकडे वरून खाली बघायची. एकजण हसला. मी आप्पांचा हात सोडून तिथं उभ्या एका टेम्पोमागं जाऊन बसले.

ते मागं आले. "लाज वाटती व्हय?"

"व्हय."

"मला बी लई वाटती," आप्पा म्हणाले. मग पुढच्या माणसाकडे गेले. त्या दिवशी मला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. मी तिथूनच त्यांचं तेच बोलणं, तेच शब्द, परत परत ऐकत राहिले.