श्वासापुरता एक प्लग

मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. वर्गातली इतर मुलं कमळ आणि गवत गिरवत होती तेव्हा मी ‘निषेध’, ‘तात्काळ’ आणि ‘अन्यथा’ हे शब्द जुळवत होते. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते आणि कर्मचारी संघटनेची सगळी पत्रकं आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिली जायची. आधी मराठीत, मग स्वतःच हिंदीत उतरवून. नीट राग मराठीतच येतो, असं त्यांचं म्हणणं. घरात कुणालाही काही हवं असलं की त्याची मागणी व्हायची. आईसुद्धा भाजी आणायला सांगताना ‘एक’ आणि ‘दोन’ म्हणूनच सांगायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आम्ही दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून शहराच्या टोकाला द्वारकेत राहायला गेलो. कधी काळी सहकारी सोसायटीत नाव घातलं होतं, तो चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट अखेर मिळाला. मेट्रोचे खांब नुकतेच उभे राहत होते. फोनवर घरबसल्या कर्ज मिळत होतं आणि पाणी टँकरने येत होतं. बाबा म्हणायचे, उदारीकरण समजून घ्यायला पुस्तकं कशाला, आमच्या बाल्कनीत उभं राहिलं की पुरे.

ऑफिसला जायला चार्टर्ड बस होती. म्हणजे वसाहतीतल्या नोकरदारांनी मिळून ठरवलेली खाजगी बस: रोज तीच माणसं, तीच सीट, मागच्या बाजूला रमीचा अड्डा आणि या सगळ्यावर देखरेख करायला एक कमिटी. मीही कॉलेजसाठी धौला कुआँपर्यंत त्याच बसने जायचे, पुढच्या बायकांच्या सीटवर बसून. बाबा मागे, रमीवाल्यांच्या शेजारी. बस सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते न पडते तोच त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. ड्रायव्हरने गिअर बदलला की बाबा घोरणार, याची मला इतकी सवय झाली होती की रविवारी रिक्षात बसले तरी मी वाट पाहायचे.

एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. बँकेतले गृहस्थ, पंजाबी, अतिशय सभ्य. ते बसच्या कमिटीतही होते आणि रमीतही. चहाचा एक घोट घेऊन त्यांनी सांगितलं की कमिटीला वाटतं, भाईसाहबांनी बसमध्ये झोपू नये. ते पुढे काहीतरी सांगणार होते, पण आमच्या घरात ‘नये’ या शब्दानंतर कुणाला पुढे बोलू देत नसत. बाबा उभे राहिले. सरकारने ऑफिसं शहराच्या मध्यात ठेवली आणि माणसं शहराच्या टोकाला फेकली, त्या अंतराने खाल्लेली झोप माणूस बसमध्ये परत मिळवत असेल तर त्यावर बंदी घालणारे तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरींचा चहा तसाच राहिला. ते जिना उतरत होते तेव्हा मी कागद घेऊन बसलेही होते.

ते पत्रक अजून मला पाठ आहे आणि अजूनही मला ते पटतं. मथळा होता ‘घोरणाऱ्यांवरचा अन्याय थांबवा’. स्वस्त घर लांब असतं, लांबच्या घराला बस लागते, बसमध्ये झोप लागते आणि दमलेल्या माणसाची झोप आवाज करते, तेव्हा या आवाजाची तक्रार घोरणाऱ्याकडे करू नका, ज्यांनी घर लांब केलं त्यांच्याकडे करा. दुसऱ्या दिवशी मी ते हिंदीत छापून बसमध्ये वाटलं. लोक इतके हसले की ड्रायव्हरने गाडी हळू केली. कुणी मोठ्याने वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. बाबा अर्थातच झोपले होते.

सेक्रेटरींनी मला मागे बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, “बेटा, खर्राटों से किसी को तकलीफ नहीं है. तकलीफ तब होती है जब बंद हो जाते हैं.”

मग त्यांनी मला तिथेच उभं केलं आणि ऐकायला सांगितलं. बाबांचं घोरणं चढत गेलं आणि मध्येच थांबलं. तोंड उघडं होतं, छाती ओढून घेत होती, पण हवा आत जात नव्हती. रमीचे चारही गडी हातात पानं धरून बाबांकडे बघत होते. एकाने टाकायला उचललेलं पान तसंच हवेत धरलं होतं. मग बाबांनी विहिरीतून वर यावं तसा मोठा आचका दिला, घोरणं पुन्हा सुरू झालं आणि पान पडलं. रोज असंच होतं, सेक्रेटरी म्हणाले. धौला कुआँ येतं तरी एक डाव पुरा होत नाही.

घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

“मला माहितेय,” ती म्हणाली. “श्वास अडकला की मी कोपर मारते. लग्नापासून मारतेय. मला वाटायचं सगळ्याच बायका मारत असतील.”

इतक्या वर्षांच्या पत्रकांत आईचं कोपर कुठेच आलं नव्हतं. तिने बाबांना डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं आणि नेलंच.

डॉक्टर सरकारी इस्पितळातल्या, नाक-कान-घशाच्या. त्यांनी बाबांना तोंड उघडायला लावलं, मानेभोवती टेप फिरवली आणि विचारलं, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंग येते का, रक्तदाब आहे का. तिन्हींना बाबा ‘हो’ म्हणाले, पण तिन्हींचं कारण त्यांनी सरकारी धोरण सांगितलं. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, ढाब्यावर घट्ट लस्सी आणि स्वस्तातला पातळ स्ट्रॉ मिळाला तर काय होतं? जोरात ओढलं की स्ट्रॉच चिकटतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जिभेची मागची बाजू आणि पडजीभ मागे सरकतात, वाट अरुंद होते, हवा जाताना सगळं थरथरतं, ते घोरणं. वाट पुरतीच मिटली की श्वास थांबतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, म्हणून तो आचका. रात्रभर हेच चाललं तर झोप होतेच कुठे, आणि हृदयावर ताण येतो तो वेगळा. कुणाचं नाक बंद असतं, कुणाचे टॉन्सिल मोठे, कुणाचा जबडा लहान, कुणी झोपण्याआधी दारू घेतो. बाबांच्या बाबतीत मुख्यतः मान आणि पोट.

वजन कमी करा, कुशीवर झोपा, असं त्यांनी सांगितलं. आईने त्याच आठवड्यात बाबांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला, म्हणजे उताणं झालं की टोचेल. बाबा चेंडूवरही उताणे झोपले. दमनाची आपल्याला सवय आहे, म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी नाकात कोमट तूप सुचवलं, त्याने नाक तेवढं चकचकीत झालं. मग वायरी लावून झोपेची तपासणी झाली आणि निकाल आला की दुखणं चांगलंच पुढे गेलंय. दुखणं सौम्य असेल तर दातांवर बसवायचं साधन चालतं, काहींना ऑपरेशनचा फायदा होतो, बाबांना मात्र यंत्र लागणार. मास्क नाकावर बांधायचा, यंत्र सतत हवा सोडत राहतं आणि त्या दाबाने स्ट्रॉ उघडा राहतो.

यंत्र परदेशी होतं. बाबांनी आयातीविरुद्ध लिहिलेली पत्रकं माळ्यावर होती, ती आईने काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, यात श्वासाचा उल्लेख कुठे आहे ते दाखवा. यंत्र सरकारी योजनेतून मिळालं, म्हणजे हवा जनतेची, या मुद्द्यावर त्यांनी मास्क लावला. पहिल्या सकाळी ते चहा मागायला आले तेव्हा मला ओळखूच येईनात. डोळे मोठे होते. त्यांनी चक्क मला विचारलं की तू हल्ली काय शिकतेस.

हे सुख उन्हाळ्यापर्यंत टिकलं. मग वीज जायला लागली, रोज आणि लांब. आमचा इन्व्हर्टर म्हातारा, थोड्याच वेळात टिटिट करून मान टाकायचा. सोसायटीचा जनरेटर होता, पण तो लिफ्ट, जिना आणि पाण्याच्या पंपापुरता. यंत्र बंद पडलं की बाबा मास्क काढायचे आणि आई कोपर सरसावून बसायची. काही दिवसांतच बाबा पुन्हा भाजी निवडताना पेंगायला लागले. डॉक्टर म्हणाल्या, यंत्राशिवाय चालणार नाही, काय वाटेल ते करा.

वाटेल ते म्हणजे आमच्यात पत्रक. रविवारी सकाळी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती, खालच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. माझी मागणी होती की प्रत्येक घराला जनरेटरवर एक प्लग मिळावा. सेक्रेटरींनी आधीच आईला गाठून सांगितलं होतं की जनरेटर सगळ्यांचा भार घेणार नाही, पण भाईसाहब आजारी आहेत, तुमच्या घरापुरती एक वायर मी मंजूर करून घेतो. आई लगेच हो म्हणाली. खरं सांगते, मीही हो म्हणाले. बाबांना आम्ही सांगितलं नाही.

सभेत मी उभी राहून पत्रक वाचलं. कुणी ऐकलं नाही. पार्किंगच्या जागांवरून भांडण चाललं होतं. मग पहिल्या रांगेतून तो ओळखीचा आवाज आला. बाबा खुर्चीत मान मागे टाकून झोपले होते. लोक हसले. आवाज चढत गेला आणि थांबला. हसणंही थांबलं. सेक्रेटरींचा हात हवेत राहिला, पार्किंगवाले भांडायचे थांबले, कुणाच्या तरी खिशात मोबाइल वाजला तो त्याने दाबून धरला. सगळी सभा बाबांच्या छातीकडे बघत होती. आई उठून धावत गेली आणि भर सभेत तिने कोपर मारलं.

आचका आला. सेक्रेटरींनी त्याच दमात विचारलं, यांच्या घरी वायर द्यायची, कुणाचा विरोध? एकाचाही नव्हता. टाळ्यांनी बाबा जागे झाले.

“काय पास झालं?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, आणि जनरेटर सगळ्यांचा भार घेणार नाही म्हणतात हेही. ते उभे राहिले.

“मुझे अकेले को नहीं चाहिए.”

आई त्यांच्या शेजारीच होती. ती मराठीत, सगळ्यांना कळेल अशा आवाजात म्हणाली, “अहो, तुमचा श्वास बंद पडला ना, तर पुढचं पत्रक मी काढीन. आणि ते तुमच्याविरुद्ध असेल.”

बाबांचा चेहरा पडला. आईची भीती त्यांना खरीच वाटत असे. पण बसले नाहीत. सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, भार उठणार नाही म्हणता, तर आधी गरज किती घरांत आहे ते तरी विचारा. कुणाकुणाच्या घरी घोरतात? पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. हात एकही नाही. मग मागच्या रांगेत सेक्रेटरींच्या पत्नींनी हात वर केला. त्यांच्या पाठोपाठ एकेक करत जवळजवळ सगळ्या बायकांचे हात वर गेले.

“मैं? कब?” सेक्रेटरी म्हणाले.

“रोज,” त्या म्हणाल्या. “और बीच में रुकते भी हो.”

ठराव दुरुस्त झाला. प्रत्येक घराला एक प्लग, त्यावर कूलर किंवा हीटर लावला तर तो आपोआप बंद पडेल असा. सेक्रेटरींनी तो स्वतःच्या हाताने लिहिला आणि सभा संपल्यावर बाबांना बाजूला घेऊन डॉक्टरांच्या ओपीडीचे वार विचारले.

त्या उन्हाळ्यात वीज तशीच जात राहिली. जनरेटर घुरघुरायचा, यंत्र क्षणभर थांबून पुन्हा सुरू व्हायचं आणि बाबा त्यात झोपलेले असायचे. आईचं कोपर रिकामं झालं. तिने त्या वेळात मोटार शिकायला सुरुवात केली.

बसमध्ये मात्र नवा प्रश्न उभा राहिला. बाबा आता जागे असायचे. फाटकापासून केंद्रीय सचिवालयापर्यंत ते निर्गुंतवणुकीवर बोलायचे, न थांबता, न पेंगता, रमीवाल्यांची पानं हातातून काढून घेऊन. महिन्याभरात कमिटीच्या वतीने सेक्रेटरी पुन्हा घरी आले. या वेळी चहा पूर्ण प्यायले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विनंती केली, “बेटा, एक पर्चा और लिख दो. बस में सोना सबका हक है, इनका भी.”