तुरीच्या फुलावरचा भुंगा

पेडगावची निकिता परभणीत एका फोटो स्टुडिओत कामाला होती. लग्नाच्या स्टेजसमोर "जरा हसा की" म्हणून म्हणून तिचेच गाल दुखायचे. पण जीव अडकला होता भुंग्यात. घरच्या शेतातली तूर फुलली, की बाईसाहेब भल्या सकाळी कॅमेरा घेऊन ओळीत जाऊन बसायच्या. पिवळ्या फुलात तोंड खुपसलेला काळाकुळकुळीत भुंगा, पंखांवरची निळी झाक, पायांवरचे परागकण, असा अगदी जवळून काढलेला एक फोटो तिला हवा होता. भुंग्याला मात्र फोटोची हौस नव्हती. ती जवळ सरकली, की स्वारी भुर्र.

"माणसं संपली का गं फोटो काढायला?" वडील भागवतराव, म्हणजे तिचे आप्पा, चिडवायचे.

यंदा स्टुडिओचे मालक दत्तराव म्हणाले, "एक तरी चांगला आण, जिल्ह्याच्या प्रदर्शनात लावू." तरी निकिता रोज हात हलवत परत यायची.

मग एके दिवशी आप्पा तिच्याआधीच शेतात गेले आणि बांधावरून हाक आली, "ये लवकर, बसलाय बघ!" खरंच बसला होता. ती अगदी जवळ जाऊन टेकली तरी भुंगा उडेना, नुसता थरथरत राहिला. आता गड्याला आपली ओळख पटली, असं तिला वाटलं. त्यानंतर आप्पा रोज पुढे जायचे, हाक मारायचे. तिला भुंग्यापेक्षा आप्पांचंच अप्रूप होतं. आजवर टिंगल करणाऱ्या बापाला आपलं वेड पटलं, या आनंदात तिचे पाय जमिनीवर नव्हते.

त्यातला एक फोटो प्रदर्शनासाठी निवडला गेला. मोठा छापण्याआधी निकितानं तो स्क्रीनवर वाढवून पाहिला. पुढच्या पायापाशी काहीतरी चकाकत होतं. दव असेल. तिनं आणखी वाढवला. पिवळसर, घट्ट... बाभळीचा डिंक! बाकीच्या फोटोंतही तेच. एकात तर तुटलेला पाय फुलाला चिकटून राहिला होता आणि भुंगा सुटायला धडपडत होता. त्या फोटोला तिनंच हौसेनं नाव दिलं होतं, 'मस्तीत'. तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी ती थेट गोठ्यात गेली. आप्पा बैलांना कडबा टाकत होते.

"आप्पा, डिंक तुमी लावला?"

भागवतरावांचा हात थांबला. "लाकडातल्या भोकात राहतोय त्यो. रातच्याला चिंधीचा बोळा कोंबायचा, सकाळी गारठलेला भायेर काढून फुलावर चिकटवायचा. त्याला काय कळत न्हाई गं."

"मला कळतंय ना!"

"रोज मोकळ्या हातानं येयलीस. बघवंना मला. म्हणलं, पोरीचं एकदा नाव व्हावं."

"म्हंजे मला कधी जमणारच न्हाई, असंच वाटलं तुमाला?"

आप्पा बैलाची मान खाजवत राहिले. ते तिला डिंकापेक्षा जास्त लागलं. रोज सकाळी जो बाप सोबतीला आला असं ती समजत होती, त्याचा तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

"आज कोंडला न्हाई ना?"

"न्हाई माय. तुझी शप्पत."

निकितानं वर पाहिलं. गोठ्याच्या जुन्या वाशाला भुंग्यानं पाडलेलं भोक होतं आणि त्यात आईच्या लुगड्याची चिंधी गच्च कोंबलेली होती. तिनं टाचा उंचावून ती उपसली.

आतली गुणगुण दोघांनाही ऐकू आली.